पाच रुपयांचा पुडा आणि आपली लेकरं



मागच्या महिन्यात एका गटाच्या मीटिंगला गेले होते. बचत जमा झाली, हप्ते लिहून झाले, सह्या-अंगठे झाले. मग मी म्हटलं, "आज आपण मुलांच्या लठ्ठपणावर बोलूया." सगळ्या हसल्याच. एक मावशी म्हणाल्या, "पोरी, आमची लेकरं काडीसारखी वाळलीत. अंगणवाडीच्या ताई वजन वाढवा म्हणून मागं लागल्यात, आणि तू लठ्ठपणाचं काय घेऊन बसलीस? ते शहरातल्या बंगल्यातल्या लोकांचं दुखणं."

मावशी बोलत होत्या तेव्हा त्यांच्या मांडीवरचा नातू पिवळ्या पोंग्यांचा पुडा संपवत होता. सकाळपासूनचा हा दुसरा, हेही त्यांनीच सांगितलं. दुपारी तो जेवलाच नव्हता.

त्या दिवशी मला मावशींना नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून हा लेख लिहिते आहे.

मावशींचं म्हणणं खरं, पण अर्धं

केंद्र सरकार दर काही वर्षांनी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण करतं. २०१९ ते २०२१ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या दर १०० मुलांमागे ३६ मुलांचं वजन वयाच्या मानानं कमी निघालं. ३५ मुलांची उंची खुंटलेली होती. म्हणजे मावशी बोलल्या ते खरंच आहे. आपल्याकडचा मोठा प्रश्न अजूनही बारीक, अशक्त लेकरांचाच आहे.

पण त्याच सर्वेक्षणात १०० पैकी ४ मुलांचं वजन उंचीच्या मानानं जास्त निघालं. २०१५-१६ च्या सर्वेक्षणात अशी मुलं १०० मागे २ सुद्धा नव्हती. म्हणजे चार-पाच वर्षांत दुपटीहून जास्त वाढ झाली.

युनिसेफनं २०२५ मध्ये एक अहवाल काढला. जगात ५ ते १९ वर्षांच्या मुलांमध्ये लठ्ठ मुलं आता कमी वजनाच्या मुलांपेक्षा जास्त झाली आहेत, असं त्यात आहे. असं पहिल्यांदाच घडलं. आपला दक्षिण आशिया आणि आफ्रिकेचा सहारा वाळवंटाखालचा भाग, एवढेच दोन भाग अजून त्यातून बाहेर आहेत. म्हणजे आपल्या हातात अजून वेळ आहे.

सरकारनंही हे मनावर घेतलंय. एप्रिल २०२५ मध्ये अंगणवाडीत पोषण पंधरवडा झाला, तो आठवत असेल. त्याच्या चार विषयांत एक विषय मुलांच्या लठ्ठपणाचा होता.

बारीक आणि जाड, दोन्ही कुपोषणच

आपण कुपोषण म्हटलं की हाडं दिसणारं लेकरू डोळ्यांसमोर आणतो. पण कुपोषण म्हणजे शरीराला हवं ते न मिळणं. पोट भरलं, वजनही वाढलं, तरी डाळ, भाजी, अंडं, दूध, शेंगदाणे पोटात गेले नाहीत तर ते लेकरू आतून उपाशीच असतं. आपल्या राज्यात सहा महिने ते पाच वर्षांच्या १०० मुलांपैकी जवळपास ६९ मुलांच्या अंगात रक्त कमी आहे. यात गुटगुटीत दिसणारी मुलंही असतात.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. या बायका आपल्यासारख्याच, शेतात राबणाऱ्या. त्यांची बाळं जन्मली तेव्हा वजन सरासरी २.७ किलो भरलं. इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५ किलो होतं. आपली बाळं सगळ्या बाजूंनी लहान होती, स्नायू कमी होते. पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं फारशी कमी नव्हती. म्हणजे दिसायला बारीक, पण शरीरात चरबीचा वाटा जास्त. अशा बाळाला पुढे मधुमेहाचा धोका जास्त राहतो, असं हे डॉक्टर सांगतात.

याचा अर्थ आपल्यासाठी फार महत्त्वाचा आहे. कमी वजनाच्या लेकराचं वजन "कसंही करून वाढव" म्हणून त्याला बिस्किटं, साखरेचं दूध आणि पुडे देणं हा उपाय नाही. त्यानं वाढते ती चरबी. उंची, हाडं आणि ताकद डाळ-भाकरी, उसळ, अंडी, दूध यांतून वाढते. बारीक आणि जाड, दोन्ही लेकरांचं औषध एकच आहे. घरचं ताजं, चौरस जेवण.

लहानपणी वाढलेली चरबी "मोठेपणी आपोआप उतरेल" असं आपण म्हणतो, पण बऱ्याच मुलांची उतरत नाही. अशा मुलांना कमी वयात मधुमेह आणि रक्तदाब होऊ शकतो, यकृतात चरबी साठते, गुडघे दुखतात. काही मुलींची पाळी अनियमित होते. हे सगळे खर्चाचे आजार आहेत. आपल्या गटात दवाखान्यासाठी किती कर्जं निघतात, ते तुमचं रजिस्टरच सांगेल.

पुड्यात असतं तरी काय?

बटाट्याच्या वेफर्सच्या पाकिटामागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. वाचता येणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या. १०० ग्रॅममध्ये साधारण ३५ ग्रॅम तेल-चरबी, म्हणजे वजनाचा तिसरा हिस्सा तेल. वर मीठ. २५० मिलीच्या गोड कोल्ड्रिंकमध्ये २५ ग्रॅमच्या वर साखर असते, म्हणजे चहाचे पाच चमचे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराच्या सूचना काढल्या. त्यांच्या हिशेबानं मोठ्या माणसाची दिवसभराची वरची साखरच २५ ग्रॅमच्या आत हवी. लेकराला त्याहून कमी. आणि दोन वर्षांखालच्या बाळाच्या खाण्यात तर वरून साखर घालूच नये.

पाकिटावर घटकांची यादी असते. जे जास्त घातलंय त्याचं नाव आधी लिहायचं, असा नियम आहे. म्हणून पहिली तीन नावं वाचा. मैदा, साखर, पामतेल हीच नावं आली तर समजून घ्या. मग चित्रात आंबा असो, दूध असो नाहीतर पालक असो.

आता पैशाचा हिशेब, तो तर आपल्या गटाचा हातखंडा. एका लेकराला रोज दोन पुडे म्हणजे १० रुपये. महिन्याला ३००, वर्षाला ३,६०० रुपये. घरात दोन लेकरं असतील तर ७,२००. मी त्या मीटिंगला फळ्यावर हे मांडलं तेव्हा सगळ्या गप्प झाल्या. त्या गटाची बचत महिन्याला १०० रुपये आहे.

माझी चूक

हे सगळं मी पुस्तकातून शिकले होते, तरी चुकले. दोन वर्षांपूर्वी मी कामाला नवीन होते. एका शाळेत वजन-उंची मोजायला मदत करत होते. मी वजनं मोठ्यानं सांगायची आणि दुसऱ्या ताई लिहून घ्यायच्या. सहावीतली एक मुलगी काट्यावर उभी राहिली, मी आकडा सांगितला आणि मागची पोरं फिदीफिदी हसली. मी "गप्प बसा" म्हणून पुढची मुलगी बोलावली. माझ्या लेखी विषय संपला.

त्या मुलीनं दुसऱ्या दिवसापासून शाळेतली खिचडी खाणं सोडलं. डबाही न्यायची नाही. घरी सांगायची, शाळेत जेवते. चार वाजता कडकडून भूक लागली की दुकानातून पुडे घ्यायची. हे तिच्या आईकडून मला महिन्यानं कळलं. मी तिच्या घरी जाऊन तिची माफी मागितली. तेव्हा ती म्हणाली, "मला खो-खो खेळायला आवडतं ताई, पण पळताना पोरं बोलतात."

त्या दिवशी मला कळलं की जाड लेकराला चिडवून, उपाशी ठेवून किंवा लाज आणून त्याचं वजन कमी होत नाही, उलट वाढतं. लेकरू स्वतः दुकान टाकत नाही, पुडा बनवत नाही, टीव्हीवर जाहिरात करत नाही. आपण मोठ्यांनी त्याच्या आजूबाजूला जे ठेवलंय तेच ते खातं. म्हणून बदलायचं ते आजूबाजूचं. "जाडी", "ढोली", "हत्ती" हे शब्द घरातूनच बंद करूया.

शाळेत आपल्याला काय करता येतं?

लेकरू दिवसातले पाच-सहा तास शाळेत असतं. तिथं तीन गोष्टी आपल्या हातात आहेत.

पहिली, शाळेतलं जेवण. प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ-कडधान्य आणि ५० ग्रॅम भाजी मिळायला हवी. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ-कडधान्य आणि ७५ ग्रॅम भाजी. तेल ५ आणि साडेसात ग्रॅम. कितीतरी गावांत हे जेवण आपल्याच गटातल्या बायका शिजवतात. भाजी खरंच तेवढी पडते का? मटकी, हरभरा, चवळी आलटून पालटून येते का? परसबागेतला पालक, शेवगा, कढीपत्ता पातेल्यात जातो का? हे बघायला कुठल्या साहेबाची परवानगी लागत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. तुमच्या गावच्या समितीत आपल्या गटातली कोण आहे, ते आधी शोधा. नुसती सही करायला जाऊ नका, जेवणाचा विषय काढा.

दुसरी, शाळेजवळची विक्री. महाराष्ट्र सरकारनं मे २०१७ मध्येच शाळेच्या उपाहारगृहात जंक फूड विकायला बंदी घातली आहे. नंतर केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं नियम केले, ते १ जुलै २०२१ पासून लागू झाले. जास्त साखर, मीठ, चरबी असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायचे नाहीत, त्यांची जाहिरातही करायची नाही. आपल्यातल्या बऱ्याच जणींना हा नियम माहीतच नाही.

नियम पाळले तर फरक पडतो का? दक्षिण अमेरिकेत चिली नावाचा देश आहे. तिथं मुलांचा लठ्ठपणा फार वाढला होता. २०१६ पासून तिथल्या सरकारनं जास्त साखर-मीठ-चरबीच्या पाकिटांवर मोठा काळा शिक्का सक्तीचा केला, शाळेत ते पदार्थ बंद केले आणि पाकिटांवरची कार्टूनची चित्रं काढायला लावली. दीड वर्षात तिथल्या घरांमध्ये गोड पेयांची खरेदी जवळपास पाव हिश्शानं कमी झाली. आयांनी तीच मुलं, तोच बाजार सांभाळला. फक्त पाकीट खरं बोलायला लागलं.

तिसरी, खेळ. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज किमान एक तास धावपळीचं खेळावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लंगडी, लगोरी, सूरपाट्या, दोरीउड्या, यांना एक पैसा लागत नाही. पण बघा, मुलगी सहावी-सातवीत गेली, पाळी सुरू झाली की आपण तिचं मैदान बंद करतो. "आता पोरांसारखी काय पळतेस" म्हणतो, हातात झाडू देतो आणि वेळ मिळाला की मोबाईल. खेळाचा तास मुलींनाही मिळतो का, हे समितीत विचारा. आणि संध्याकाळचा अर्धा तास घरातूनही सोडा.

दवाखाना आणि अंगणवाडी

अंगणवाडीत वजनाबरोबर उंचीही मोजून घ्या. नुसत्या वजनावरून लेकरू बारीक की जाड कळत नाही, उंचीशी ताडून बघावं लागतं. ताईंच्या मोबाईलमधल्या पोषण ट्रॅकरमध्ये ही नोंद होते. "माझं लेकरू कुठल्या रंगात आहे?" असं विचारा, तो आपला हक्क आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डॉक्टरांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणीला येतं. ते कधी येणार ती तारीख आधी विचारून ठेवा. त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका. वजन जास्त निघालं तर मान काळी पडली आहे का, झोपेत फार घोरतं का, धाप लागते का, हे डॉक्टरांना सांगा. मानेवर जाडसर काळेपणा आला तर आपण मळ म्हणून घासतो, पण तो मधुमेहाच्या आधीची खूण असू शकतो.

घरी एक सोपी परीक्षा आहे, पाच वर्षांवरच्या मुलांसाठी. सुतळी घ्या, लेकराच्या उंचीएवढी कापा, मधोमध दुमडा. दुमडलेली सुतळी कमरेभोवती पूर्ण आली तर ठीक. टोकाला टोक लागलं नाही तर दवाखान्यात दाखवा. सुतळी म्हणजे निदान नव्हे, ती फक्त इशारा देते. आणि हे चार बायकांसमोर करू नका. माझी चूक परत नको.

वाढत्या वयात लेकराचं जेवण तोडायचं नसतं. पुडे आणि गोड पेयं काढायची, ताटात भाजी-उसळ वाढवायची, खेळ वाढवायचा. उंची वाढत जाते तसं वजन जागेवर येऊ शकतं. वजन कमी करायचं चूर्ण किंवा पावडर कुणी विकायला आलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

"मग मी काय विकू?"

त्याच मीटिंगमध्ये, ५० मीटरचा नियम सांगून झाल्यावर मागून एक ताई उठल्या. त्यांचं छोटं दुकान शाळेच्या फाटकासमोर आहे. गटातून २०,००० रुपये कर्ज काढून टाकलेलं. नवरा गेल्यापासून घर त्याच्यावर चालतं. म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही सांगता ते पटतं. पण निम्मा गल्ला पुड्यांचा आहे. मी काय विकू? आणि मी बंद केलं तर पोरं पलीकडच्या दुकानात जातील."

याला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. पण मग गटच बोलायला लागला. एकीनं विचारलं, आपण सगळ्यांनीच ते दुकान काढायला कर्ज दिलं, मग मार्गही सगळ्यांनीच काढायला हवा ना? ठरलं असं: शाळेच्या वेळात पुड्यांच्या माळा आत ठेवायच्या. समोर उकडलेले हरभरे, भाजलेले शेंगदाणे, मुरमुऱ्याची भेळ, पेरू-बोरं-केळी ठेवायची. दुसऱ्या गटाच्या राजगिरा लाडू आणि शेंगदाणा चिक्कीच्या छोट्या वड्या पाच रुपयांना. गूळ म्हणजेही साखरच, त्यामुळे एक वडी, तीन नव्हे. पण त्यात निदान शेंगदाणे आहेत. हप्त्याला दोन महिने सवलत द्यायची. आणि पलीकडच्या दुकानदाराशी एकट्या ताई नाही, ग्रामसंघ आणि समिती मिळून बोलेल.

एक महिना झालाय. खरं सांगते, ताईंचा गल्ला थोडा कमी झालाय. हरभरे रोज संपतात, फळं कधी उरतात. पलीकडचा दुकानदार अजून ऐकत नाही. पण मुख्याध्यापक सरांनी फाटकाजवळ नियमाची पाटी लावायचं कबूल केलंय. काम चालू आहे.

पुढच्या मीटिंगला एवढं करूया

१. प्रत्येकीनं आठवडाभर पुड्यांचा खर्च बचतीच्या वहीत मागच्या पानावर लिहायचा. कुणाला रागवायचं नाही, फक्त लिहायचं.

२. साखरेचा फलक बनवायचा. सीबीएसईनं मे २०२५ मध्ये त्यांच्या शाळांना असे फलक लावायला सांगितले आहेत. आपण आपल्या जिल्हा परिषद शाळेत करू. एका पुठ्ठ्यावर कोल्ड्रिंकची रिकामी बाटली, बिस्किटाचं आणि पेयाचं पाकीट चिकटवायचं. प्रत्येकाखाली त्यात जेवढी साखर आहे तेवढी खरी साखर छोट्या पिशवीत. मुलांना समजवायला भाषण लागत नाही.

३. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या सभेत जेवण, ५० मीटर आणि मुलींचा खेळ, हे तीन विषय लेखी द्यायचे.

४. वाढदिवसाला वर्गात चॉकलेट-केकऐवजी फळं किंवा चिक्की वाटायची. सुरुवात आपल्या गटातल्या मुलांपासून.

५. जेवताना मोबाईल बंद. लेकराचा आणि आपलाही.

शाळेसमोर ज्या ताईंचं दुकान आहे, अशा तुमच्या गटातही कुणी असतील. त्यांना एकटं पाडू नका. त्यांच्या दुकानात काय चालतं, काय चालत नाही, ते मला कळवा. पुढच्या अंकात तेच छापू, म्हणजे दुसऱ्या गावातल्या ताईंना उपयोगी पडेल.

त्या मावशी परवा बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "पोरी, नातू अजून पुड्यासाठी रडतोय. पण एकच देते आता, ते पण जेवल्यावर." मी म्हटलं, मावशी, एवढं झालं तरी पुष्कळ झालं.

तुमची,
क्षेत्र समन्वयक